काळ्या मातीतलं कुंपण

प्रश्न : काकू, सांवेरच्या बाजूला आमचं लहानसं कुरण आहे. पाच गीर गाई आणि त्यांची वासरं तिथे मोकळी चरतात. सासऱ्यांच्या वेळचं बाभळीचे खांब आणि काटेरी तारेचं कुंपण यंदाच्या पावसात आडवं झालं. रात्री रोजडे, म्हणजे नीलगाई, घुसतात. दुकानदार म्हणतो, चारी बाजूंनी चेनलिंकची जाळी मारून टाका, कटकट संपेल. खर्चाचा आकडा ऐकून आमचेच पाय लटपटले. काय करावं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : दुकानदार जाळी विकतो, तो जाळीच सांगणार. पण तुमचं कुंपण पडलं ते तारेपायी नाही, खांबांपायी. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी ती खांबाला थोडं हलवते, थोडं वर ढकलते. त्यात बाभळीचं बूड ओल आणि वाळवी मिळून खातात. वरून खांब धडधाकट दिसतो, म्हणून कळत नाही. जे उभे आहेत त्यांच्या बुडाशी पहार ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, की तो खांब सरपणात गेला समजा.

जाळी लावा नाहीतर तार, सगळा ताण शेवटी कोपऱ्यांवर येतो. पैसा तिथे घाला. कोपऱ्याचा खड्डा साडेतीन फूट खोल घ्या आणि तळाशी तोंडापेक्षा रुंद करा. खाली निमुळता खड्डा केलात तर फुगलेली माती काँक्रीटचा गोळा खांबासकट वर उचलते. मजूर नेमका उलटा खड्डा खणतात, कारण तोच सोपा. तेव्हा स्वतः उभ्या राहा. मग दोन्ही बाजूंच्या तारेच्या रेषेत एकेक तिरपा टेकू द्या. मधले सिमेंटचे खांब आठ-दहा फुटांवर, अडीच फूट जमिनीत गेले की पुरे.

गाईंसाठी जाळीची गरज नाही. तारेच्या पाच ओळी ओढा : वरच्या दोन काटेरी, खालच्या तीन साध्या. काट्यानं कास फाटली की टाके घालताना गाईचे आणि आपले काय हाल होतात, ते मला विचारू नका. साधी तार 12 गेजची घ्या. 14 गेज स्वस्त पडते, कारण ती बारीक असते. आकडा वाढतो तशी तार बारीक होते. तार खांबाच्या आतून, गाईंच्या बाजूनं लावा, म्हणजे गाय रेलली तरी ती खांबावरच दाबली जाते. मधल्या खांबांना बांधताना गच्च आवळू नका, सरकती राहू द्या. आणि भर दुपारच्या उन्हात खेचून ताणू नका, थंडीत ती आणखी ताणली जाते.

रोजड्यांसाठी बाहेरच्या अंगाला झटका मशीनची एक तार चालेल. मशीन साधारण सेकंदाला एक क्षणभराचा झटका देतं, त्यानं जनावर बिचकतं, मरत नाही. घरची लाइन थेट तारेला जोडायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. त्यात माणसं मेलेली आहेत. तारेखालचं गवत मात्र कापत राहावं लागेल, ते टेकलं की झटका जमिनीत जातो.

शेजाऱ्याशी हद्द तोंडीच ठरलेली असेल, तर खड्डे खणण्याआधी तहसीलमध्ये सीमांकनाचा अर्ज द्या. आपल्या मध्य प्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत कलम 129 त्यासाठीच आहे. कामाला हात दिवाळीच्या सुमाराला घाला. तेव्हा मातीत ओल असते, पण चिखल नसतो.

फाटक बारा फुटांचं करा, ट्रॉली निघाली पाहिजे. जागा कोपऱ्याजवळची बरी, गाई कुंपणाच्या कडेनं चालत आपसूक तिथे येतात. मात्र कोपऱ्याच्याच खांबाला ते टांगू नका, त्याला वेगळा खांब द्या.