चेन करकरते, काय मारू?

प्रश्न : मी जांबोटीच्या अलीकडच्या एका गावातून रोज बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला येतो. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. गाडी १२५ सीसीची, चेन उघडी. जून लागला की चेन करकरायला लागते. स्प्रेचा डबा आणला तर महिना-दीड महिन्यात संपतो. शॉपजवळच्या गॅरेजात जळकं ऑइल फुकट मिळतं, ते मारलं तर चालेल का? एक जण म्हणतो ग्रीस थाप, दुसरा म्हणतो नुसतं रॉकेलनं धू. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तिघांचंही नको.

जळकं ऑइल मी स्वतः मारलेलं आहे, म्हणून त्याचं आधी सांगतो. लग्नाआधीची गोष्ट. फुकटचं म्हणून वाटीभर ऑइल चेनवर ओतलं आणि तसाच खानापूर रोडला निघालो. चेन ओलीचिंब काळी दिसत होती, मला वाटलं काय झकास काम केलंय! तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं वळणावर मागचं चाक हातातून साबण निसटावा तसं निसटलं. चेनवरचं ऑइल फिरून फिरून टायरवर उडालेलं. कोपर अजून पावसाळ्यात ठणकतं.

इंजिनातून काढलेल्या ऑइलमधे काजळी असते आणि लोखंडाची बारीक झीजही असते. इंजिनाची घाण पोटात घेऊन ते बाहेर आलेलं असतं, तीच घाण तुम्ही चेनच्या सांध्यात घालणार. त्यात ते पातळ, टिकत नाही. शिवाय रोज हाताला लागलं तर कातडीला वाईट. शेताच्या पाटात तर थेंबही जाऊ देऊ नका.

ग्रीसचं तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही, तुम्ही मशीन शॉपमधले. लॅपिंग पेस्ट म्हणजे काय? चिकट वंगणात मिसळलेली बारीक एमरी, म्हणजे धातू घासायची भुकटी. आता चेनवर ग्रीस थापा आणि तुमच्या वाटेवर किणये ते कुसमळी रोपलावणीच्या दिवसांत एक फेरी मारा. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली तांबडी माती ग्रीसवर बसली की तयार झाली पेस्ट. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवरून फिरते त्या दातेरी चकत्यांचे, दाते घासायला दुसरं काही लागत नाही. ग्रीस दाट, ते आतल्या सांध्यापर्यंत पोचत नाही आणि बाहेर मात्र धूळ धरून बसतं.

रॉकेलवाल्याचं अर्धं बरोबर आहे. रॉकेलनं धुवायचंच, पण धुऊन तसंच सोडलं तर लोखंड उघडं पडतं. आपल्याकडच्या पावसात सकाळपर्यंत तांब चढलीच म्हणून समजा.

आता चेन जवळून बघा. डोळ्याजवळ आणून एकच कडी बघा. बाहेरून दिसतो तो रोलर, दात्यावर बसणारा. त्याच्या आत बुश, बुशच्या आत पिन. चेन वळते ती पिन बुशमधे फिरते म्हणून, आणि झिजते तीही तिथंच. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही लांबत नाहीत. शंभरावर सांध्यांतली प्रत्येक पिन केसभर झिजते आणि सगळ्यांची बेरीज होऊन चेन लोंबते.

मग दोन पट्ट्यांच्या फटीत डोकावा. तिथं काळी रबराची बारीक चकती दिसली तर तुमची चेन ओ-रिंगची. पिन-बुशचं ग्रीस कंपनीनंच आत भरून त्या रिंगांनी कोंडलेलं असतं. बाहेरचं तेल तिथं जात नाही आणि जायची गरजही नाही. आपण तेल घालायचं ते रोलरसाठी, रिंगा सुकून चिरू नयेत म्हणून आणि गंज चढू नये म्हणून. अशा चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. पेट्रोलनं रबर खराब होतं, तारेनं रिंग फाटते, आणि एकदा रिंग गेली की आतलं ग्रीसही गेलं. रबर नसेल तर साधी चेन. तिला तेल आतपर्यंत मुरायला हवं, म्हणून तिची निगा जास्त वेळा.

स्वस्तात काय मारायचं? नव्वद नंबरचं गिअर ऑइल. जुन्या जीपच्या, ट्रकच्या गिअरबॉक्समधे जातं तेच. कित्येक गाड्यांच्या मालकाच्या पुस्तकातच चेनसाठी ऐंशी किंवा नव्वद नंबरचं गिअर ऑइल लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक आपण आरसी बुकाबरोबर पिशवीत बांधून ठेवतो ते गाडी विकतानाच सोडतो. हिशेब बघा. चेनला कड्या ११०-१२०. प्रत्येक कडीला डावीकडे एक थेंब, उजवीकडे एक, म्हणजे २४० थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तर १२ मिली. एका लिटरच्या डब्यात अशा ऐंशीवर खेपा होतात. वर्षभर दर आठवड्याला घातलं तरी डबा दीड वर्ष पुरतो. गल्लीतल्या चौघांनी वर्गणी काढून एक डबा आणला तर बोलायलाच नको.

कारखान्यातून तेल मागायचंच असेल तर मालकाला विचारून स्लाइडवे ऑइल मागा. लेथच्या, मिलिंगच्या स्लाइडवर घालतात ते. उभ्या स्लाइडवरून ओघळू नये म्हणून त्यात चिकटपणा मुद्दाम घातलेला असतो. ६८ नंबरचं जरा पातळ, लवकर उडतं. २२० मिळालं तर उत्तम. कूलंट मात्र नको, त्यात बहुतेक पाणीच असतं.

तेल घालायची रीत मी गॅरेजात नाही, मागावर शिकलो. वडगावात आमच्या घरी दोन यंत्रमाग होते. मागाला तेल रोज लागायचं, पण साडीवर एक डाग पडला तर तो नग शेठजी बाजूला काढायचे आणि मजुरीतून पैसे कापायचे. म्हणून आमचे अण्णा उजव्या हातात लांब चोचीची तेलकुपी आणि डाव्या हातात फडकं घेऊनच मागाभोवती फिरायचे. थेंब सोडला की लगेच पुसणं. मी लहानपणी कुपी जोरात दाबली की ओरडायचे, “थेंब घाल रे, वतू नको!” पलीकडचे कानडी मागवाले त्यांच्या पोरांना “स्वल्प हाकु” म्हणायचे, तेही तेच. ती कुपी अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला नाही मिळाली तर मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा.

शनिवारी कामावरून आलात की गाडी डबल स्टँडवर घ्या. चेन कोमट असते तेव्हा तेल चांगलं मुरतं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, किल्ली काढून खिशात. हे किल्लीचं मी उगाच सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका पोरानं चाक आपोआप फिरावं म्हणून गाडी चालू करून पहिल्या गिअरमधे टाकली आणि फडकं धरलं. फडकं दात्यात गेलं, पाठोपाठ बोटाचं पेर. चाक हातानंच फिरवायचं.

खाली पुठ्ठा अंथरा. जुन्या टूथब्रशनं रॉकेल लावून चेन चारी बाजूंनी घासा. रेशनचं रॉकेल आता कुठं मिळतंय, तेव्हा वाटीभर डिझेल घ्या. चेन त्यात बुडवून मात्र ठेवू नका, घासा आणि पुसा. पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाखाली साठलेला काळा लगदाही खरवडून काढा. तिथला लगदा बघून एकदा तरी प्रत्येक जण दचकतो! मग कोरड्या फडक्यानं पुसून दहा मिनिटं वाळू द्या. शॉपमधलं कॉटन वेस्ट यासाठी नको, धागे कड्यांत अडकतात.

तेल खालच्या पदराला घाला, आणि तेही आतल्या बाजूनं, म्हणजे दात्यांना टेकते त्या अंगानं. चेन पळताना तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. आतून घातलं तर बाहेर जाता जाता ते सांध्यातून जातं, वरून घातलं तर थेट मडगार्डवर. चेनचं लॉक, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी, कुठं आहे ते बघून तिथून सुरू करा, म्हणजे फेरी कुठं पुरी झाली ते कळतं. लॉक क्लिपचं असेल तर क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला आहे ना, तेही बघून घ्या. उलटी बसली असेल तर एखाद्या दिवशी निघून पडते.

मग गाडीला हात लावू नका. रात्रभर मुरू द्या. रविवारी सकाळी कोरडं फडकं घेऊन चेनची बाहेरची बाजू खसखसून पुसा. इथंच लोकांचा जीव वर-खाली होतो. ‘एवढं घातलं आणि पुसून काढायचं?’ हो. मुरायचं ते मुरलं, उरलेलं फक्त माती धरणार. बोट फिरवल्यावर नुसता ओशटपणा लागला पाहिजे. टायरवर आणि रिमवर शिंतोडा दिसला तर साबणाच्या पाण्यानं धुवा.

एवढं करूनही करकर राहिली तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागं ओढा. अर्ध्याहून जास्त दाता उघडा पडला, किंवा दाते विळ्यासारखे वाकलेले दिसले, तर तेलाचा उपयोग संपला. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. नुसती चेन बदलून पैसे वाचवणारे सहा महिन्यांत परत येतात. ढिलाई खालच्या पदराच्या मधोमध मोजायची. बहुतेक प्रवासी गाड्यांना दोन ते तीन सेंटीमीटर चालते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा त्या पिशवीतल्या पुस्तकात आहे. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत ताठ जागेवरून ठरवा. चाक मागं सरकवलं तर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा आणि मागचा ब्रेक परत तपासा.

प्रश्न : आमच्या घरात गिअर ऑइल कुणी आणत नाही. गाडीच्या चेनला मी कधी गोडेतेल, कधी खोबरेल लावते. दोन दिवस आवाज बंद होतो. काही बिघडतं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, तुमच्या कढईच्या बाहेरच्या बाजूला जो पिवळा-तपकिरी चिकट थर बसतो आणि राखेनंही निघत नाही, तो आठवा. खायचं तेल उघड्यावर पातळ थरात राहिलं की हवेनं चिवट होतं. चेनच्या सांध्यात तेच होणार, आणि ते काढताना डोळ्यांत पाणी येईल. खोबरेल तितकं चिकट होत नाही, पण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. तुमच्याकडच्या डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते ना, मग चेनमधलं कसं पातळ राहील? अडचणीला एकदा लावलंत, हरकत नाही. येत्या सुट्टीत डिझेलनं धुऊन टाका आणि दुकानातून पाव लिटर नव्वद नंबर सुटं मागा.

प्रश्न : माझ्या शंभर सीसीच्या गाडीचं चेन कव्हर खडखड करत होतं म्हणून काढून माळ्यावर टाकलंय. आता दर पंधरा दिवसांनी चेन टाइट करावी लागते. चेन बोगस असेल का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : चेनला नावं ठेवू नका. बंद कव्हरच्या गाड्यांना बहुधा साधी, बिनरिंगची चेन असते, कारण तिला पाऊस-माती लागणार नाही हे गृहीत धरलेलं असतं. ती तुम्ही येळ्ळूरच्या काळ्या चिखलात उघडी पळवताय. कव्हर खाली काढा, आतून धुवा, फुटलं नसेल तर परत बसवा. खडखड बहुतेक वेळा सुटलेल्या स्क्रूची असते किंवा ढिली चेन आत आपटत असते. कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढलं की आत बोट घालून चेनची ढिलाई बघता येते. ते बूच हरवलं असेल तर मात्र आधी नवीन आणा, त्या भोकातून सगळा चिखल आत जातो.