वेल्समधलं डेनबीचं बंद मनोरुग्णालय पाडावं की जपावं?

1848 साली उघडलेलं, 1995 मध्ये बंद झालेलं, 2008 च्या आगीत मोठा हॉल गमावलेलं हे रुग्णालय पाडावं की जपावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, जपावं. पण दगडी बांधकाम देखणं आहे म्हणून नाही, आणि रात्री कॅमेरे घेऊन भुतं शोधायला जाणाऱ्यांसाठी तर मुळीच नाही. तिथे आजारी माणसं राहत होती. त्यांची भुतं करून व्हिडिओ विकायचे, याची मला किळस येते.

ते रुग्णालय बांधण्यामागे एक कारण भाषेचं होतं. त्याआधी वेल्समधले रुग्ण इंग्लंडला पाठवायचे आणि तिथे त्यांचं वेल्श बोलणंच कुणाला कळायचं नाही. हे वाचलं आणि मला माझी आत्या आठवली.

आत्याला परराज्यात दिलं होतं. तिथे तिचा आजार सुरू झाला. सासरच्यांनी तिला तिकडच्याच एका मोठ्या रुग्णालयात ठेवलं आणि हात झटकले. नऊ वर्षं! ‘पेशंट आता बरी आहे, घेऊन जा’ अशी पत्रं पुण्याला यायची. काका ती वाचून टेबलाच्या खणात टाकायचे. “तिथे तिची सोय आहे,” एवढंच म्हणायचे. ‘याला येरवड्याला पाठवा’ असं सहज बोललं जातं त्या गावात आम्ही वाढलो. आत्या घरी आली तर मुलींची लग्नं अडतील, ही खरी भीती होती.

2008 च्या जानेवारीत मी एकटी गेले. डब्यात भोगीची बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. वॉर्डात सगळ्याजणींना एकाच कापडाचे झगे, केस बारीक कापलेले. नर्स म्हणाली, या बोलत नाहीत. आत्याने भाकरी उलटीपालटी करून पाहिली, नखाने एक तीळ उचकटून तोंडात टाकला आणि म्हणाली, “तीळ कमी लावलेस गं.” नर्सने हातातला ट्रे खाली ठेवला आणि मला हिंदीत विचारलं, काय म्हणाल्या? आत्याच्या कागदांवर नऊ वर्षं ‘बोलत नाही’ असं लिहिलं होतं. तिच्याशी मराठीत बोलायला तिथे कुणी नव्हतंच!

मी तिला पुण्यात, धानोरीला घेऊन आले. औषधं वेळेवर दिली. ती दहा वर्षं आमच्यात राहिली.

म्हणून येरवड्याचं 2,540 खाटांचं मनोरुग्णालयही डेनबीसारखं बंद करा, असं उद्या कुणी म्हणालं तर मी आधी विचारेन, आतल्या बायका जाणार कुठे? इटलीतल्या त्रिएस्ते शहरात डॉक्टरांनी आधी मानसिक उपचारांची केंद्रं आणि राहायला घरं उभी केली, मग मोठं रुग्णालय रिकामं केलं. हाच क्रम बरोबर आहे. डेनबीत बाकीच्या जागेवर घरं बांधून त्या पैशातून मुख्य इमारत वाचवण्याचा विचार आहे, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्यातली काही घरं आजारातून उठलेल्यांसाठी ठेवावीत, आणि एका खोलीत तिथे राहिलेल्यांचं त्यांच्याच भाषेत काहीतरी असावं.

आजारी माणसाला घरी आणणं सगळ्यांना जमेल असं नाही, हेही सांगते. आमच्याकडे तळमजल्याची खोली होती, नवरा पाठीशी होता. आजार उसळतो तेव्हा रुग्णालय लागतंच, आत्यालाही दोनदा लागलं. पण घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला आत ठेवता येत नाही, हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 19 मध्ये आहे. मी ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते अजून म्हणतात, तिथे तिची सोय होती.

आत्या गेली त्या दिवशी तिच्या कमरेला तिच्या स्वतःच्या कपाटाची किल्ली होती.