राजीनामा नंतर, आधी एक छोटा गेम पूर्ण करा

प्रश्न : वय २९. पुण्यात आयटी कंपनीत सहा वर्षं जावा डेव्हलपर आहे. घराचा हप्ता चालू आहे. गेमचं वेड शाळेपासूनचं. राजीनामा देऊन गेम डेव्हलपमेंटचा वर्षभराचा कोर्स करू का?

उत्तर : राजीनामा आत्ता नको, आणि तो कोर्स तर मुळीच नको. कोडिंगचा पाया तुमच्याकडे आहेच. जावा येणाऱ्याला युनिटी या इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लागणारी सी शार्प भाषा जड जात नाही, गोडो इंजिन तर फुकट मिळतं. अनरिअल इंजिनाकडे जायचं असेल तर मात्र सी प्लस प्लस घोटावं लागेल.

गेम खेळायला आवडतात म्हणजे करायलाही आवडतील, असं नाही. उड्या मारायच्या गेममध्ये पात्राचा पाय कड्यावरून सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग वगैरे उडीचं बटण चालू ठेवतात. याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. खेळणाऱ्याला याचा पत्ताही नसतो, पण ही सवलत काढून टाका, की ‘मी बटण दाबलं होतं!’ म्हणून तो चिडतो. ती नेमकी किती ठेवायची, यात अख्खी संध्याकाळ जाते. अशा संध्याकाळी तुम्हाला आवडतात का, ते तपासा. शनिवार-रविवारी बसून तीन-चार महिन्यांत एकाच स्क्रीनचा गेम करा, पण मेन्यू, आवाज, पॉजसकट पूर्ण. इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर टाका. कुणाला तरी समोर बसवून खेळायला द्या आणि तोंडातून एक शब्द काढू नका. (हेच सगळ्यात अवघड.)

गावाच्या बाबतीत तुमचं नशीब बरं आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात आहे, २०२० साली आलेला ‘राजी’ हा गेमही पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. पण २०२३-२४मध्ये जगभरच्या स्टुडिओंनी हजारो माणसं कमी केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि तिथलेही लोक नोकऱ्या शोधू लागले. त्या रांगेत फ्रेशर म्हणून उभं राहू नका.

ऑनलाइन गेमच्या मागे लॉगिन, खेळाडूंच्या जोड्या लावणं, गुणतक्ते, खरेदी असं सगळं सर्व्हरवर चालतं. तिथे तुमची सहा वर्षं मोजली जातील. आहे ती नोकरी सांभाळून अशा सर्व्हरच्या कामाच्या (बॅकएंडच्या) जागांसाठी अर्ज करा, सोबत तुमच्या गेमची लिंक द्या. पगार थोडा कमी मिळेल असं धरून चाला, आणि होकार कळवण्याआधी सहा हप्त्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा.