वाचक विचारतात : विलायतेतली पहिली मशीद आडगावात कशी?

प्रश्न : आमचे पणजोबा बोटीवर खलाशी होते. ब्रिटनमधली मशीद म्हणून बांधलेली पहिली इमारत लंडनऐवजी लंडनजवळच्या वोकिंग गावी का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : कारण जागा तिथे स्वस्तात मिळाली! लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य राहिलेले लाइटनर जन्माने बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबातले. पुढे त्यांनी वोकिंगला एक बंद पडलेली संस्था घेऊन पौर्वात्य विद्येचं केंद्र काढलं. तिथेच बांधलेल्या मशिदीला पैसा आला मुख्यतः भोपाळच्या राज्यकर्त्या शाहजहान बेगमांकडून. १८८९ साली ती उभी राहिली आणि नावही बेगमांचंच लागलं. लाइटनर १८९९ मध्ये गेले, मशीद ओस पडली. १९१३ मध्ये लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी ती पुन्हा सुरू केली.

मी वॉटर्लूहून गाडीने गेलो, तेव्हा खिडकीतून झाडांमागे हिरवा घुमट दिसला. आत शिरलो तर आपल्या वाड्याच्या ओटीएवढीच जागा वाटली. मला जास्त चटका लावला तो जवळच्या हॉर्सेल कॉमन या माळरानावरच्या विटांच्या कुंपणाने. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदी मुसलमान शिपायांना इथे पुरलं होतं. मुसलमानांचं दफन रीतीप्रमाणे होत नाही, असा प्रचार जर्मन करत होते. त्याला हे उत्तर. पुढे नासधूस होऊ लागल्याने १९६८ मध्ये अवशेष ब्रुकवुडच्या दफनभूमीत हलवावे लागले.

ब्रुकवुडलाच आपल्या मुंबईत शिकलेले, कुराणाचे इंग्रजी अनुवादक अब्दुल्ला युसूफ अली विसावलेत. पणजोबांच्या बोटीचं नाव ठाऊक असेल तर जरूर कळवा.