देवदूतांवरची गॉथिक कादंबरी निम्म्यावर येऊनही पकड घेत नसेल, तर दोष वाचकाचा का?

देवदूतांवरच्या एका गॉथिक, म्हणजे गूढ भयकथांच्या, मालिकेचा पहिला भाग निम्मा वाचूनही पकड घेत नाही, दोष माझाच का, असे तुम्ही लिहून विचारले आहे. दोष तुमचा नाही, हे आधी सांगतो.

पतित, म्हणजे स्वर्गातून खाली घसरलेल्या, देवदूतांवरचीच एक बहुचर्चित कादंबरी मला एका जुन्या मित्राने आग्रहाने वाचायला दिली होती. पडका मठ, वादळी रात्र, रक्ताळलेली वेदी असे सारे यथासांग होते. मधोमध काळ्या पंखांचा, सदैव खिन्न नायक होता. त्या पंखांचे वर्णन दर प्रकरणात येई. परंतु हा गृहस्थ खुर्चीत पाठ टेकून बसला की ते जातात कोठे, याचा लेखिकेला पत्ता नव्हता. मी समासात पेन्सिलीने तेवढाच प्रश्न लिहून पुस्तक परत केले. मित्र चिडला. कल्पनारम्य साहित्यात एवढा कीस काढायचा नसतो, असे त्याने सुनावले आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही.

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. जे कोणी पाहिलेले नाही ते खरे वाटायला हवे असेल, तर तपशील अधिकच काटेकोर हवा. मूळ सामग्रीही काही मिळमिळीत नाही. बायबलमधील यशयाच्या ग्रंथातले सराफीम नावाचे देवदूत सहा पंखांपैकी दोहोंनी स्वतःचे तोंड झाकून घेतात. हनोखाच्या ग्रंथात, म्हणजे एका प्राचीन यहुदी ग्रंथात, दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात आणि त्यांतील अजाजेल माणसांना तलवारी घडवायला व डोळे रंगवायला शिकवतो. म्हणजे पतनामागे ठोस कृत्य आहे आणि त्याची किंमत सगळी पृथ्वी मोजते. आमच्या नायकाचे पतन मात्र शेवटी निव्वळ गैरसमजातून झाल्याचे निघाले! होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या आद्य गॉथिक कादंबरीत किल्ल्याच्या भिंती कोसळतात त्या किल्लेदाराच्या आजोबाने विषप्रयोग करून बळकावलेल्या गादीपायी. अपराधच नसेल, तर गॉथिक म्हणून धुके आणि मेणबत्त्या एवढेच उरते.

अर्थात, पहिल्या भागावरून संपूर्ण मालिकेचा निवाडा करू नये, आणि तुम्हाला नेमके काय खटकले हे तुम्ही लिहिलेले नाही. तरी आणखी दोनतीन प्रकरणांत त्या देवदूताने केले तरी काय याचा थांग लागला नाही, तर पुस्तक खुशाल मिटून ठेवा आणि इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या सैतानाच्या पतनावरच्या १६६७ सालच्या महाकाव्याचे पहिले दोन सर्ग वाचा. भाषा जड आहे. पण तेथील सैतानाला आपण काय केले हे पक्के ठाऊक असते. मित्रालाही मी हेच सुचवले होते. ‘पण वातावरण किती छान होते’ यापुढे तो अजून सरकलेला नाही.