सोलापुरात नवी कार ताब्यात घेण्याआधी काय काय तपासावं?

गाडी बघायची ती एमएच १३ चं पासिंग होण्याआधी. एकदा नावावर चढली की शोरूमवाले 'बघू, करून देऊ'वर येतात. सकाळी उजेडात जा, आधी धुवायला लावा; आपल्याकडच्या धुळीखाली ओरखडा दिसत नाही. दरवाजा आणि बोनेटच्या कडेवरून बोट फिरवा, रंग दुसऱ्यांदा मारला असेल तर खरखर लागते. चासी नंबर १७ अक्षरी, तो बिलाशी जुळवा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात: ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५वा आठवडा. स्टेपनीसुद्धा बघा! माझी वर्षभर जुनी निघाली, सेल्समन म्हणतो, "काय होत नाही ओ." बदलूनच घेतली. पेढे, हार, सिद्धेश्वराचं दर्शन सगळं नंतर.