मांजराला उपास घडवू नका

गेल्या महिन्यात याच सदरात मी लिहिलं होतं, की दत्तक घेतलेलं मांजर लठ्ठ असेल तर त्याचं वजन सावकाश उतरवा. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच होता: सावकाश म्हणजे नेमकं किती? काहींनी तर उतरवायला सुरुवातही केली आहे, आणि त्यातली दोन पत्रं वाचून मला काळजी वाटली. म्हणून यावेळी फक्त हाच विषय.

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजी मुलाकडे पुण्याला गेल्या आणि त्यांची सहा वर्षांची मांजरी आम्ही घेतली. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. वजन ७ किलो! जिना चढताना धापा टाकते. आम्ही पाच दिवसांपासून तिचं खाणं एकदम पाव केलं आहे. काल तर तिने तोंडही लावलं नाही. वजन लवकर उतरेल असं समजायचं का? (मनीषनगर)

नाही. हे छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून मी तुम्हाला फोन केला, पण इतरांसाठी इथे लिहिते. लठ्ठ मांजराने खाणं सोडलं तर तो वजन उतरण्याचा शुभशकुन नसतो. तो धोका असतो.

माणूस उपाशी राहिला तर शरीर साठवलेली चरबी वापरतं. मांजराच्या शरीरातही चरबी सुटते आणि यकृताकडे धावते, पण मांजराचं यकृत एवढा लोंढा पचवू शकत नाही. यकृताच्या पेशींमध्येच चरबी भरत जाते आणि यकृताचं काम बंद पडू लागतं. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी याची सुरुवात होऊ शकते. मग मळमळ होते, मळमळ होते म्हणून मांजर आणखी खात नाही, आणि चक्र सुरू होतं. हिरड्या, कानाची आतली बाजू, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला म्हणजे कावीळ झाली. अशी मांजरं नळीने खाऊ घालून वाचवता येतात, पण त्याला कित्येकदा आठवडे लागतात, आणि सगळी वाचत नाहीत. माझ्या टेबलावर आलेली अशी मांजरं मी विसरलेली नाही. त्यांच्या घरच्यांनी जे केलं ते मायेपोटीच केलं होतं.

तेव्हा पहिला नियम: लठ्ठ मांजराने पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण उद्यावर टाकू नका.

तुमच्या मांजरीच्या बाबतीत दुसरी गोष्ट. ती नव्या घरात आली आहे. पहिले दोन-तीन आठवडे मांजर पलंगाखाली दडून असतं, खाण्यावरून मन उडालेलं असतं. हा काळ डाएटचा नाही. आजी जे देत होत्या तेच, त्याच वाटीत, त्याच वेळेला द्या. फक्त रोज किती खाल्लं ते लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या वहीवरच करायचा आहे.

प्रश्न : मग किती द्यायचं? पाकिटावर लिहिलेलं माप बरोबर असतं का? (धरमपेठ, त्रिमूर्तीनगर आणि इतर)

पाकिटावरचं माप सर्वसाधारण मांजरासाठी असतं. ऑपरेशननंतर मांजराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, म्हणून घरात बसणाऱ्या मांजराला ते माप बहुधा जास्तच होतं.

हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. आधी डॉक्टरांकडून या मांजराचं योग्य वजन किती असायला हवं ते ठरवून घ्या. मनीषनगरच्या मांजरीचं ४.५ किलो धरू. या आकड्याला त्यानेच दोनदा गुणा: ४.५ × ४.५ × ४.५ म्हणजे सुमारे ९१. त्याचं वर्गमूळ, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ: ३.०९. त्याला ७० ने गुणलं की २१६ कॅलरी येतात. वजन उतरवायला यातल्या ८० टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ कॅलरी.

आता पाकीट बघा. १०० ग्रॅम कोरड्या खाण्यात ३८० कॅलरी लिहिल्या असतील, तर दिवसभराचं माप होतं ४५ ग्रॅम. ओल्या खाण्याचा ७० कॅलरीचा एक पाऊच दिला, तर कोरडं खाणं फक्त २७ ग्रॅम. हे वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. मूठभर दाणे जास्त पडले की दिवसाचा सगळा हिशेब बिघडतो.

आणि इथवर एका दिवसात उडी मारायची नाही. वहीतल्या सध्याच्या खाण्यापासून दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं कमी करत या. नवं खाणं सुरू करायचं असेल तर जुन्यात मिसळत ७ ते १० दिवस घ्या. एक गोष्ट बरेच जण विसरतात: नेहमीचंच खाणं खूप कमी केलं, तर त्याबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. म्हणून बरंच वजन उतरवायचं असेल तेव्हा डॉक्टर वजन कमी करण्यासाठी बनवलेलं खाणं सुचवतात. ते महाग आहे हे मला ठाऊक आहे. तरी चारच महिने ते परवडत असेल, तर चार महिने द्या.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते दोन टक्के उतरलं म्हणजे ठीक. ७ किलोच्या मांजरीत एक टक्का म्हणजे ७० ग्रॅम. हे बाथरूमच्या काट्यावर दिसतही नाही. बॅग मोजायचा हुकाचा काटा घ्या आणि मांजरीला कापडी पिशवीत बसवून दर आठवड्याला त्याच वेळी वजन करा. ४.५ किलोवर यायला तिला दहा-अकरा महिने लागतील. लागू द्या.

प्रश्न : आमच्याकडे चातुर्मास पाळतात. चार महिने घरात अंडंसुद्धा येत नाही, मांजराला दूधभात आणि पोळी देतो. तरी बोका जाडच होतो आहे. सासूबाई म्हणतात, "अवं, मुकं जनावर आहे ते, खाऊ दे नं!" (इतवारी)

सासूबाईंची माया खरी आहे, आणि बोक्याला उपाशी ठेवायचं मीही म्हणत नाही. पण मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, आणि तो मांस-मासळीत असतो, भात-पोळीत नसतो. टॉरिन कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. दूधभातावर वाढलेला बोका म्हणजे वरून गुबगुबीत आणि आतून उपाशी. त्यातून मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचतही नाही, पोट बिघडतं.

घरात मांस आणायचं नसेल तर त्यावर वाद घालू नका. बाजारातलं मांजराचं संपूर्ण खाणं बंद पाकिटात मिळतं. त्याची वाटी, चमचा आणि जागा गच्चीवर वेगळी ठेवा. माझ्याकडे येणारी कितीतरी शाकाहारी घरं असंच करतात. आणि चातुर्मास संपला की सावजी रश्श्यातली बोटी मात्र देऊ नका. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी. द्यायचीच असेल तर बिनमिठाची, बिनहाडाची उकडलेली कोंबडी द्या, तीही दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी.

प्रश्न : दोन मांजरं आहेत. एक सडपातळ, एक लठ्ठ. लठ्ठ दुसरीचंही खातो. (प्रतापनगर)

वाटी दिवसभर भरून ठेवणं बंद. दोघांना वेगळ्या खोलीत, दार लावून २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सडपातळ मांजरीची वाटी कपाटावर ठेवली आणि बोक्याला तिथे उडी मारता येत नसेल, तर तेही चालेल. काही महिन्यांनी त्याला उडी जमू लागेल, तेव्हा जागा बदला.

प्रश्न : तीन महिन्यांत ४०० ग्रॅम उतरलं, मग थांबलं. आता मे आला. खाणं आणखी कमी करू? (नंदनवन)

आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. दहातल्या आठ घरांत आजोबा, मोलकरीण किंवा खालच्या मजल्यावरचे काका गुपचूप काही देत असतात, हा माझा अनुभव. तसं नसेल तर डॉक्टरांना विचारून दहा टक्के कमी करता येतं.

पण मेमध्ये नको. पारा ४५ च्या वर गेला की मांजरं आपणहून कमी खातात, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर दिवसभर कूलरसमोर पसरलेली असतात. त्यात तुम्ही माप घटवलं तर मांजर खात नाहीये की खायलाच नाही, हे कळणार नाही. त्या दिवसांत माप आहे तसं ठेवा, पहाटे आणि रात्री नऊनंतर द्या, पाऊचमध्ये थोडं पाणी कालवा, पाण्याच्या वाट्या तीन-चार ठिकाणी ठेवा. मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

सांधे दुखतात म्हणून माणसांची गोळी द्यायची का, असंही तुम्ही विचारलं आहे. कधीच नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं.

प्रश्न : पोट लोंबतं म्हणजे लठ्ठच ना? (सदर)

प्रत्येक वेळी नाही. मागच्या पायांमधली लोंबती सैल कातडी सडपातळ मांजरालाही असते. बरगड्यांवर हात फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या लागल्या तर वजन ठीक आहे, शोधाव्या लागल्या तर लठ्ठ. बरगड्या आणि कणा हाताला टोचतात आणि पोट मात्र फुगलेलं आहे, तर ते पाणी, जंत किंवा गाभणपणही असू शकतं. तपासून घ्या.

प्रश्न : मी पाचवीत आहे. आई म्हणते चिनूला खाऊ द्यायचा नाही. मी दिला नाही तर ती माझ्याकडे येणार नाही का? (गोकुळपेठ)

येईल. आणि तू तिला खाऊ दे, फक्त तो तिच्याच वाटणीचा असू दे. सकाळी आई दिवसाचं खाणं मोजेल तेव्हा त्यातले वीस दाणे एका डबीत काढून घे. शाळेतून आलीस की एकेक दाणा लांब फरशीवर घरंगळत सोड, म्हणजे ती धावेल. किंवा रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीला आईकडून दोन भोकं पाडून घे, आत दाणे टाक आणि बाटली तिच्यासमोर ठेव. पहिल्या दिवशी तिला कळणार नाही, तेव्हा पंजाने बाटली कशी ढकलायची ते तूच तिला दाखव. वजनाची वही आईकडून तुझ्याकडे घेता आली तर घे, आणि दर रविवारी आकडा लिही.